न खोदता दुरुस्ती करणारे इंगळे साहेब

इंगळे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते जऊळक्याच्या रस्त्याच्या कडेला मातीत पालथे झोपलेले होते.

पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू व्हायला त्या सकाळी मी नेमणुकीचे पत्र घेऊन उपविभागीय कार्यालयात गेले होते. साहेब तिथले उपविभागीय अभियंता. शिपाई म्हणाला, "साहेब गळतीवर हायेत. इथं बसून काय करता? जीप तिकडंच चालली, बसा." जीपमधून उतरले तर समोर हे दृश्य. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईचे वरचे टोक कानाला लावून साहेब आडवे पडले होते आणि चार मजूर श्वास रोखून भोवती उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवले.

थोड्या वेळाने उठले, कपडे झटकले, खांद्यावरचे उपरणे माझ्यासाठी मातीवर अंथरले आणि म्हणाले, "राऊत मॅडम ना? ऐका आता तुमी."

नवा ड्रेस, पहिला दिवस आणि इतकी माणसे पाहत असलेली. मी कान लावला. काय ऐकू येते, त्यांनी विचारले. काहीच नाही, मी म्हणाले. "मंग अजून ऐका," म्हणून ते बाजूच्या दगडावर बसून राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेवटी सळईतून अगदी बारीक, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा आवाज येऊ लागला. मी मान वर केली. माझा चेहरा पाहूनच त्यांना कळले.

"हे ऐकू आलं, म्हणजे तुमी आज रुजू झाल्या. रजिस्टरवर सही उद्या केली तरी चालते," ते म्हणाले, आणि मजुरांना नेमकी तिथेच कुदळ मारायला सांगितली. एकाच खड्ड्यात गळती सापडली.

आता साहेबांच्या वयाला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्यावरच्या या गौरवग्रंथात लिहायला मला सांगितले गेले तेव्हा इथूनच सुरुवात करावी असे वाटले. कारण पुढच्या काळात त्यांच्याकडून जे शिकले, ते बहुतेक अशाच रीतीने शिकले. ते सांगत नसत. ऐकायला लावत.

साहेब मूळचे रिठदचे. घरी कोरडवाहू शेती. पदविका घेऊन अगदी कोवळ्या वयात ते या खात्यात आले आणि बढत्या घेत घेत, पण जिल्ह्याबाहेर फारसे न जाता, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. ऑफिसात ते अगदी पुस्तकी मराठी लिहीत. त्यांच्या टिपण्यांत ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडत नसे. पण बोलणे अस्सल वऱ्हाडी, मग समोर मजूर असो की मंत्रालयातून आलेले अधिकारी असोत. एकदा मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी त्यावर थट्टेने काही म्हटले. इंगळे साहेब शांतपणे म्हणाले, "पाइप ज्यायच्या गावात फुटते, त्यायले ही भाषा समजते साहेब."

त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट मला आधी सांगितली पाहिजे, कारण ती कुठल्या अहवालात येणार नाही. आमच्या पंपगृहावर बाईमाणसासाठी शौचालय नव्हते. मी तिथे दिवसदिवस काढत होते आणि सकाळपासून पाणी न पिण्याची सवय लावून घेतली होती. मी कोणाला काही बोलले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी पंपगृहाच्या मागे गवंडी कामाला लावला. कामाच्या कागदावर कारण लिहिले होते, 'कर्मचारी पाणी पीत नाहीत.' इतकेच. माझा उल्लेख नाही, कसला गाजावाजा नाही. शौचालय तयार झाल्यावर किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि नकाशाविषयी बोलू लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. साहेबांचे नाव आज पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात घेतले जाते ते न खोदता जुनी पाइपलाइन आतून नवी करण्याच्या कामामुळे. परिषदांमध्ये त्यावर भाषणे झाली, फोटो दाखवले गेले. पण त्या फोटोंत जे नाही, ते मी जवळून पाहिले आहे.

शेलूबाजारपासून अर्ध्या तासावर एक गाव आहे. गावाचे नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांनीच तसे सांगितले आहे. तलावातले पाणी पंपाने उचलून टेकडीवरच्या टाकीत चढवायचे आणि तिथून पाच गावांना द्यायचे, अशी ती योजना. पाणी वर चढवणारा मुख्य पाइप बिडाचा, आठ इंची, साहेब नोकरीला नवे असतानाच्या काळात टाकलेला. पाइप टाकला तेव्हा तो बौद्ध वस्तीच्या मागून, मोकळ्या जागेतून गेला होता. पुढे वस्तीतल्या मुलांची लग्ने झाली, घरे मागे मागे सरकत वाढली आणि पाइप घरांच्या खाली आला. कोणाच्या न्हाणीखाली, कोणाच्या बैठकीखाली, कोणाच्या चुलीखाली.

साडेतीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो पाइप तिथे फुटला. भर दुपारी एका घराच्या फरशीतून कारंजे उडाले आणि मागची भिंत बसली. घरात कोणी नव्हते म्हणून निभावले. पंप बंद केला, पाच गावांचे पाणी थांबले. पट्टी मारून कसेबसे चालू केले, तर आठ दिवसांनी शेजारच्या घराखाली फुटले. पाइप सडत आला होता. वरून आदेश आला: पाइपवरची घरे हटवा, चर खोदा, नवा पाइप टाका. बावीस घरांना नोटिसा निघाल्या. त्यांवर सही साहेबांचीच होती, पदाने ती त्यांनाच करावी लागली.

नोटिसांनंतर विहारात बैठक झाली. मी साहेबांबरोबर होते. लोक ओरडले नाहीत, हे मला आजही आठवते. ओरडले असते तर बरे वाटले असते. सगळ्यांच्या वतीने पंचफुलाबाई नावाच्या एक वृद्ध बाई बोलल्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत कामाला, या इथे एकट्या. त्या म्हणाल्या, "साहेब, हा पाइप खंदाले आमचीच मान्सं होती. माह्या मालकानं सोता आपल्या हातानं टोपल्या वायल्या. तवा कोनी म्हनलं नाई का इथं घर बांधू नका म्हनून. आता पोरायची घरं झाली, त तुमी म्हनता उठा. उठून जावं कुठं?"

साहेब म्हणाले, "मले एक महिना द्या बाई."

"आमी काय देनार? महिना त तुमीच देल्ला आमाले नोटिसात," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेब ऑफिसच्या संगणकासमोर बसू लागले. एरवी संगणकाचे त्यांना वावडे. माझ्याकडून शोधून घेत, छापून घेत, घरी नेऊन शब्दकोश घेऊन वाचत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावले आणि कागदावर आकृती काढून दाखवली. जुन्या पाइपाच्या आतून एक लवचिक नळी ओढून घ्यायची. तिच्या मध्ये अत्यंत मजबूत धाग्यांचे विणकाम आणि आतबाहेर प्लास्टिकचा थर. कारखान्यातूनच ती लांबीत घडी घालून, मोठ्या रिळावर गुंडाळून येते. फक्त दोन टोकांना दोन खड्डे करायचे, एका खड्ड्यातून नळी आत सोडायची आणि दुसऱ्या खड्ड्यापाशी विंच, म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र, लावून ओढायची. मग आत हवा भरली की घडी उलगडून नळी गोल होते. दोन्ही टोकांना खास जोड बसवले की पाण्याचा सगळा दाब ती नळीच पेलते, जुना पाइप नुसता वाट दाखवण्यापुरता उरतो.

"म्हणजे घरं पाडायची गरज नाही," मी म्हणाले.

"म्हनजे घरायले हात लावाची गरज नाई," ते म्हणाले. "पन हे मले कळून चालत नाई. वरच्यायले पटलं पाह्यजे, आन् खालच्यायलेही."

वरच्यांना पटवायला त्यांना पाच चकरा माराव्या लागल्या. कोणी म्हणाले हे शहरातले चोचले आहेत, कोणी म्हणाले निवृत्ती जवळ आली असताना नसती उठाठेव कशाला. खालच्यांना पटवायला मात्र त्यांनी एकच दिवस घेतला. अग्निशमनाच्या बंबावरचा जुना कापडी पाइप मागून आणला, एक गंजका लोखंडी पाइप आणला आणि विहारासमोरच्या पटांगणात सगळ्यांना बोलावले. कापडी पाइप घडी करून गंजक्या पाइपातून दोरीने ओढला, मोटारीला जोडला आणि पाणी सोडले. चपटा पाइप आतल्या आत फुगला, लोखंडी पाइपाच्या भोकांतून एक थेंब बाहेर आला नाही. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन वाकून पाहत म्हणाले, "हे त आतड्यावानी हाये बाप्पा. हाडाच्या आत आतडं."

साहेब हसले. "तसंच समजा बुवा. हाड मोडलं तरी आतड्यानं जेवन जाईन."

मंजुरी आली. नोटिसा स्थगित झाल्या. पुण्याकडच्या एका कंपनीची माणसे यंत्रे घेऊन आली. दोन टोकांना खड्डे झाले, पाइप आतून खरवडून धुतला गेला आणि मग त्यात चाकांवरचा छोटा कॅमेरा सोडला. लायनर म्हणजे ती नळी आत ओढण्याआधी हे करावेच लागते, कारण आत काही टोकदार असेल तर नळी फाटते. साहेब आणि मी तंबूत पडद्यासमोर बसलो होतो. गंजाच्या भिंती सरकत होत्या. अचानक पाइपाच्या वरच्या अंगाने आत घुसलेले, पितळेसारखे चमकणारे एक बोट दिसले.

कंपनीचे सुपरवायझर म्हणाले, "टॅपिंग आहे सर. चोरीची जोडणी. मेन लाइनला भोक पाडून नळ घेतलाय कोणीतरी."

कॅमेऱ्याची दोरी किती आत गेली यावरून अंतर कळते. आम्ही तेवढे अंतर वरून टेप लावून मोजले. टेप पंचफुलाबाईंच्या दारात गेला, उंबऱ्यावरून आत गेला आणि चुलीजवळ संपला.

सुपरवायझरचे म्हणणे सरळ होते. पोलिसात तक्रार द्या, फरशी फोडा, जोडणी काढा, आपले काम थांबायला नको. कार्यालयातून फोनवर आमच्या वरिष्ठांनीही तेच सांगितले. साहेबांनी दोघांचेही ऐकून घेतले. मग मला म्हणाले, "चला मॅडम. तुमी सोबत असल्या त बाईले धीर वाटन."

बाई दारातच उभ्या होत्या. टेप आत गेलेला त्यांनी पाहिला होता. साहेबांनी चपला बाहेर काढल्या आणि फरशीवर बसले. मीही बसले. बाई बसल्या नाहीत.

"इथं काई नाई साहेब," त्या म्हणाल्या. "गॅसची शेगडी हाये आन् रांजन हाये."

"बाई, मी पोलिसाले घेऊन नाई आलो. पन खरं नाई समजलं त ती नळी फाटन, आन् मंग बावीस घरं पाडा लागतीन. मले दुसरा इलाज नाई राहनार."

बाईंनी कोपऱ्यातला रांजण एका बाजूला कलता केला. त्याच्या मागे, भिंतीच्या बुडाशी, फडक्यात गुंडाळलेली एक तोटी होती.

"माह्या मालकानं केलं," त्या म्हणाल्या. "पाइपच्या कामावरच होते, सगळं समजत होतं त्यायले. पानी आमच्या वस्तीखालून जाये आन् गावच्या टाकीत पडे. तिकडून फिरून आमच्या नळाले यावं, त आमचा नळच नाई. गावात गेलं त शेवटी नंबर लागे, लोक आमच्या घागरी-गुंड बाजूले सरकवून देत. एक दिवस ते म्हनले, आपल्या पायाखालून चाललं आन् आपुन गावात कायले जावं? केलं मंग. पन एकट्यासाठी नाई केलं साहेब. पंप चालू झाला का सगळ्या वस्तीच्या बाया इथंच गुंड भरत. ते गेले त्याले पंधरा वर्सं झाली. आता गावची लाइन आली, पन उन्हाळ्यात शेवटच्या टोकाले थेंब नाई पडत. मंग हाच नळ. मले धरून न्याचं त न्या, त्यायचं नाव लिवू नका."

मी साहेबांकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटले, आता काय करावे या विचारात आहेत. पण ते जे बोलले, ते मी कल्पिले नव्हते.

"बाई, त्या वेळी मूळ नकाशात तुमच्या वस्तीसमोर नळाची खूण होती. सार्वजनिक नळ. मी तवा नवा होतो, नोकरीले वरीस झालं नवतं. वरून निरोप आला का तो नळ गावात अमक्याच्या ओट्यासमोर सरकवा. म्या खूण खोडली आन् तिकडं काढली. नकाशावर सही माही हाये."

पंचफुलाबाई त्यांच्याकडे निरखून पाहत राहिल्या. मग हळूच खाली बसल्या.

"तुमीच होय ते? सायकलवर येत होते. कागदाची गुंडाळी राहे काखेत," त्या म्हणाल्या. "माह्या मालकानं तुमाले विचारलं होतं का आमचा नळ कधी होते म्हनून."

"व्हय. इचारलं होतं."

"तुमी काय म्हनले?"

"बघू म्हनलं," साहेब म्हणाले.

बाहेर कंपनीच्या कंप्रेसरचा आवाज चालू होता. शेवटी बाईंनीच उठून आम्हाला पाणी दिले. त्याच तोटीचे, लाइन बंद व्हायच्या आधी भरून ठेवलेले.

इंगळे साहेबांनी त्या दिवशी जे ठरवले ते त्यांनी बाईंना तिथेच सांगितले. "ही जोडणी काढा लागन, त्याले इलाज नाई. पन आधी तुमच्या घराघरात नळ, मंग इथं खड्डा. त्याआधी कोनी कुदळ आनली त मले फोन करा."

कंपनीची माणसे वैतागली. यंत्रे उभी, लायनरचे रीळ ताडपत्रीखाली झाकलेले. साहेबांनी टाकीपासून वस्तीसाठी स्वतंत्र वाहिनी टाकायला घेतली. मुख्य पाइप बंद असल्याने तोवर टाकीत टँकरने थोडेथोडे पाणी भरले जात होते. माणसे कमी पडली तेव्हा वस्तीतले पुरुष आणि, हे नोंदवण्यासारखे आहे, गावातलेही दहा-बारा जण आले. त्यांचेही पाणी त्याच पाइपावर अडले होते, हे खरे. पण एक तरुण शेतकरी मला म्हणाला, "मॅडम, आमच्या बापायनं जे केलं ते केलं. आमी हातभार लावून राह्यलो." दोन आठवड्यांत बावीसही घरांत, शिवाय वस्तीतल्या इतर घरांत नळ आले आणि टाकीपासून सगळ्यात लांबच्या तोटीलाही पाणी पडते का, ते साहेबांनी स्वतः बादली लावून पाहिले.

त्याच काळात त्यांनी वरिष्ठांना अहवाल पाठवला. तो टाइप मी केला, म्हणून मला तो जवळजवळ पाठ आहे. त्यात लिहिले होते की मुख्य वाहिनीवर एक अनधिकृत जोडणी आढळली. ती घेण्याचे कारण म्हणजे वस्तीसाठी मूळ आराखड्यात दाखवलेला नळ बांधकामाच्या वेळी अन्यत्र हलवण्यात आला. त्या बदलावरील सही या अहवालाखाली सही करणाऱ्याचीच आहे. सबब रहिवाशांवर कारवाई प्रस्तावित नाही. त्रुटी खात्याची व व्यक्तिशः माझी आहे.

मी टाइप करता करता थांबले. म्हणाले, "सर, शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल. तक्रार द्यायची नाही एवढंच लिहिलं तर पुरे. तुमच्या नोकरीचं दीडच वर्ष राहिलंय."

ते म्हणाले, "मंग कारण काय लिवाल? लोकायनं चोरी केली, पन आमी मोठ्या मनानं माफ केली, असं? ते खोटं होईन मॅडम. तसंच राहू द्या."

त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी बसली. निवृत्तिवेतन अडकते की काय अशी टांगती तलवार कित्येक महिने राहिली. त्या काळात साहेबांच्या पत्नी निर्मलाताई यांनी जी साथ दिली, तिचा उल्लेख इथे केला नाही तर हा लेख अपुरा राहील. मी त्यांच्या घरी काळजीने गेले होते. त्या तूर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मले लग्न झालं तवापासून म्हाईत होतं का यायच्या मनात कायतरी अटकून हाये. उन्हाळा आला का त्या गावचं नाव काढत आन् गप होत. आता मोकळे झोपतात. पेन्शन मिळन तवा मिळन." चौकशीअंती साहेबांना लेखी ताकीद मिळाली. सेवापुस्तकात ती आजही आहे. वस्तीवर गुन्हा दाखल झाला नाही.

पण मी पुढे गेले. पंचफुलाबाईंच्या स्वयंपाकघरात खड्डा घेतला तो दिवस सांगायचा राहिला. नवीन नळाला तीन दिवस सलग पाणी आल्यावर बाईंनी स्वतःच निरोप पाठवला, "या आता खंदाले." फरशी उचलली, कमरेएवढे खोदल्यावर पाइप लागला. तिथे मुख्य पाइपात पितळेची जोडणी पिळून बसवलेली होती. आमचा फिटर वाकून पाहत म्हणाला, "साहेब, काम एक नंबर हाये. एवढ्या वर्सात एक थेंब गळला नाई." साहेबांनी ती सोडवली, भोक बुजवून घेतले आणि पितळेचा तो तुकडा पुसून बाईंच्या हातात दिला. खरे तर जप्तीचा माल म्हणून तो कार्यालयात जमा व्हायला हवा होता. बाईंनी तो पदरात घेतला. "त्यायच्या हातचं हाये," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायनर ओढला. खालच्या खड्ड्याशी रीळ, वरच्या खड्ड्याशी विंच, मध्ये चारशे मीटर घरे आणि त्या घरांतून आपापल्या फरशीकडे पाहत उभी असलेली माणसे. चपटी घडी घातलेली ती नळी सावकाश आत शिरू लागली. अर्ध्याहून जास्त गेल्यावर विंचच्या मापकाचा काटा चढला. सुपरवायझर म्हणाले, थोडा जोर वाढवू. साहेबांनी हात वर करून विंच बंद करायला लावला आणि खिशातला जुना नकाशा उघडला. तिथे पाइपाला एक हलके वळण होते. "जोर नाई लावाचा. मागं घ्या हातभर, मंग वंगन टाकून पुन्हा ओढा," ते म्हणाले. तसे दोनदा केले. तिसऱ्या वेळी काटा खाली आला आणि नळी पुढे सरकली. दुपार कलायच्या आत तिचे टोक वरच्या खड्ड्यात दिसले.

हवा भरली, जोड बसवले, पाण्याचा दाब दिला. दाबाची चाचणी असते तेव्हा काट्याकडे पाहत बसण्यापलीकडे कोणाला काही करता येत नाही. काटा जागचा हलला नाही तर काम झाले. साहेब खड्ड्याच्या काठावर बसून होते. ठरलेला वेळ संपला तेव्हा सुपरवायझरनी अंगठा दाखवला. टेकडीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा निरोप आला. साहेबांनी डोळे पुसले की घाम पुसला, ते मला सांगता येणार नाही. मग उठले आणि मला म्हणाले, "नोटिसा रद्द केल्याचं पत्र आजच टाइप करा. उद्या नाई."

बावीस घरे आज तिथेच आहेत. पंचफुलाबाईंची फरशी पुन्हा बसवायला साहेब गवंड्याबरोबर स्वतः आले होते, आणि उतार न्हाणीकडे हवा की दाराकडे, यावर त्यांचा आणि बाईंचा चांगलाच वाद झाला. बाई जिंकल्या.

माणूस म्हणून साहेबांत उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. तसे म्हटलेले त्यांना आवडणारही नाही. नकाशाला घडी चुकीची पडली तर ते भयंकर चिडतात. कौतुक सुरू झाले की खोलीतून उठून जातात. या ग्रंथालाही ते सहजी तयार झाले नाहीत. तो जुना नकाशा, ती सही, तो अहवाल हे सगळे लिहू का, असे मी त्यांना विचारायला रिठदला गेले होते. ते म्हणाले, "लिवा. ते गाळलं त बाकीचं सगळं वाचनाराले खोटं वाटन." पंचफुलाबाईंनाही विचारले. त्यांनी होकार दिला, फक्त गावाचे नाव नको म्हणाल्या.

निवृत्तीनंतर साहेब रिठदला शेतात राहतात. गुडघे दुखतात, त्यामुळे फिरणे कमी झाले आहे. तरी कुठे जुनी लाइन फुटली की नवे अभियंते त्यांना फोन करतात आणि ते फोनवरच तासभर बोलतात. मी आता दुसऱ्या उपविभागात आहे. हाताखाली दोन मुली रुजू झाल्या आहेत. त्यांना पहिल्या दिवशी मी नकाशे दाखवले आणि विचारले, यात कोणाच्या दारासमोरची खूण खोडलेली दिसते का ते पाहा. हा प्रश्न कुठल्या अभ्यासक्रमात नाही. तो मला साहेबांनी दिला.

लेख संपवताना शुभेच्छा द्यायच्या असतात. त्या माझ्या शब्दांत देण्यापेक्षा ज्यांचा अधिकार जास्त आहे त्यांच्याकडून घ्याव्या, म्हणून मी गेल्या आठवड्यात वस्तीत गेले होते. साहेबांना साठ पूर्ण होताहेत, तुमच्या वतीने काय लिहू, असे मी पंचफुलाबाईंना विचारले. दारात बसून त्या शेंगा फोडत होत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "लिव्ह, का त्यायचा राग होता मले. लय वर्सं होता, मानूस म्हाईत नवता तरी होता. आता नाई राह्यला. त्यायले चांगली उमर भेटो, अंगात ताकद राहो, घरचं मानूस सोबतीले राहो. आन् गुडघे दुखत असन त म्हना, तुमी नका येऊ, आमीच येतो."

साहेब, त्या खरेच निघाल्या आहेत. येत्या रविवारी वस्तीतल्या नऊ बाया जीप ठरवून रिठदला येत आहेत. तुम्ही कौतुक ऐकून शेतात निघून जाल, असे मी त्यांना सांगितले, तर म्हणाल्या, शेतात येऊ. तेव्हा एवढीच विनंती की उदंड जगा, तब्येत सांभाळा, आणि रविवारी घरी असा.